वलय नाही म्हणजे जीवाणू उपाशी नाही: समुद्रशेवाळातली साखर फोडणारे जीवाणू कसे शोधावेत आणि तपासावेत

आमच्या प्रयोगशाळेत दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत तोच प्रसंग घडतो. एम.एस्सी.च्या प्रकल्पाची मुलं समुद्रशेवाळावरून वेगळे केलेले चाळीसेक जीवाणू घेऊन येतात, रंगवलेल्या प्लेटा पुढे ठेवतात आणि सांगतात, "चाळीसपैकी चारच कामाचे निघाले. बाकीच्यांभोवती वलय नाही." वलय म्हणजे साखर तुटल्यामुळे रंग न घेतलेला, कॉलनीभोवतीचा मोकळा गोल. बाकीचे छत्तीस तोवर ऑटोक्लेव्हमध्ये शिजून गेलेले असतात. त्या छत्तिसांत शेवाळाची साखर निवांत खाणारे असू शकतात. उलट निवडलेल्या चारांतला एखादा शेजाऱ्याच्या ताटातलं खाऊन फुगलेला असतो.

चूक रसायनांत नसते, क्रमात आणि अर्थ लावण्यात असते. म्हणून किनाऱ्यापासून शेवटच्या मोजमापापर्यंतचा सगळा क्रम इथे मांडतो आहे. उदाहरणाला मुख्यतः अल्जिनेट घेतलं आहे. सरगॅसमसारख्या तपकिरी शेवाळातली ही बहुशर्करा (म्हणजे शर्करांची लांब साखळी) स्वस्त आहे, पाण्यात विरघळते आणि कॉलेजच्या उपकरणांवर मोजता येते. ज्याने प्लेटा गोठवतो त्या अगारची गोष्ट सोबतीने येईलच, कारण ती टाळताच येत नाही.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा

अल्जिनेटची साखळी लाखभर डाल्टनची (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) असू शकते. जीवाणूच्या बाह्यपटलातल्या साध्या छिद्रांमधून साधारण ६०० डाल्टनपर्यंतचा रेणू जातो, म्हणजे जेमतेम तीन शर्करांचा तुकडा. अख्खा फणस काही तोंडात जात नाही, आधी बाहेर चिरावा लागतो. तो कुठे चिरायचा, यावरून समुद्री जीवाणूंच्या तीन तऱ्हा दिसतात. नावं मी माझ्या सोयीने दिली आहेत.

उधळे: हे एन्झाइम पेशीबाहेर सोडून देतात. साखळी पाण्यातच तुटते आणि तुकडे सगळ्यांना मिळतात.

आपमतलबी: यांचे एन्झाइम पेशीच्या पृष्ठभागाला बांधलेले असतात. ते साखळीचे जाड तुकडे करतात आणि छिद्राच्या मर्यादेपेक्षा मोठे असलेले हे तुकडे खास वाहक प्रथिनांतून आत ओढून घेतात. बॅक्टेरॉइडोटा गटातल्या जीवाणूंत हा वाहक पायाने उघडायच्या कचऱ्याच्या डब्यासारखा असतो: सस-सी हा डबा आणि सस-डी हे त्याचं झाकण. ओढायची ताकद टॉन-बी नावाच्या प्रथिनामार्फत आतल्या पटलावरून येते. बारीक चिरणं दोन पटलांमधल्या जागेत, दार लावून होतं. बाहेर जवळजवळ काही सांडत नाही.

आयतखाऊ: यांच्याकडे साखळी तोडायचं साधन नसतं. उधळ्यांनी पाडलेले तुकडे वेचून ते वाढतात. आयत्या बिळावर नागोबा.

आता प्लेटवरचं वलय काय दाखवतं? फक्त पहिली तऱ्हा. आपमतलबी जीवाणू वलय न पाडता जेवतो आणि आयतखाऊ दुसऱ्याच्या वलयात बसून स्वतःचं असल्यासारखा दिसतो. पुढचे सगळे टप्पे या तिघांना वेगळं ओळखण्यासाठी आहेत.

टप्पा १: नमुना आणणं

कोकणात खडकाळ किनाऱ्यावरचं शेवाळ पाहायला पावसाळा संपल्यापासून मार्चपर्यंतचा काळ चांगला. पावसाळी लाटांत बरंचसं उपटून जातं.

ओहोटीची वेळ आजोबांच्या हिशेबानेही काढता येते. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दोन गुणिले पाऊण, म्हणजे दीडच्या सुमारास भरती. त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास पूर्ण सुकती. ऐन पौर्णिमा-अमावास्येला सुकती पहाटे आणि संध्याकाळी येते, उजेड मिळत नाही. म्हणून द्वितीया-तृतीया सोयीची. उधाणाचा जोरही टिकून असतो आणि पाणी बरंच आत जातं. नक्की वेळ मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच पक्की करा. खडकावर अडकून पडायला अर्धा तास पुरतो.

काय उचलायचं? खडकाला चिकटलेलं ताजं शेवाळ थोडं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे किनाऱ्यावर वाहून आलेलं, कडेने पिवळं पडून बुळबुळीत होऊ लागलेलं. साखळी तोडणाऱ्यांची गर्दी तिथे असते. सरगॅसम (तपकिरी), ग्रॅसिलेरिया (लाल) आणि उल्वा (हिरवं) वेगवेगळ्या निर्जंतुक पिशव्यांत ठेवा. तिन्हींच्या बहुशर्करा वेगळ्या, त्यांवरचे खवय्येही वेगळे. जवळच्याच पाण्याचा एक लिटर सोबत घ्या, पुढे तेच गाळून आणि निर्जंतुक करून धुण्यासाठी लागेल.

पिशव्या बर्फाच्या डब्यात ठेवा, पण मध्ये जाड कापड घाला. बर्फाला थेट चिकटलेलं शेवाळ गोठतं. सहा तासांच्या आत काम सुरू झालेलं बरं. गावाकडून रात्रीच्या बसने निघून दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी उघडलीत, तर तुम्ही समुद्रातले नव्हे, पिशवीतले जीवाणू अभ्यासाल.

*इशारा: मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय काहीही उचलू नका. हातापायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. व्हिब्रियोच्या काही जाती जखमेतून शिरतात आणि आजार गंभीर होऊ शकतो.*

टप्पा २: माध्यम. निम्मे प्रयोग इथेच बिघडतात

बाजारात मिळणारं झोबेल मरीन अगार २२१६ समुद्री जीवाणू वाढवायला उत्तम आहे, पण साखर खाणारे निवडायला निरुपयोगी. त्यात लिटरला ५ ग्रॅम पेप्टोन, म्हणजे प्रथिनांचे सहज पचणारे तुकडे, असतं. घरात पुरणपोळी असताना भाकरीचा डबा कोण उघडेल? तसंच "वाढ बरी व्हावी म्हणून" चिमूटभर ग्लुकोज घालण्याची सवय सोडा. सोपं अन्न समोर असलं की पुष्कळ जीवाणू अवघड अन्नाचे एन्झाइम बनवणं थांबवतात.

दुसरी चूक अशी की थेट समुद्राच्या पाण्यातच अल्जिनेट घातलं जातं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि कॅल्शियम मिळालं की अल्जिनेट गोठतं. फ्लास्कमध्ये साबुदाण्यासारख्या गाठी दिसल्या तर हेच झालं आहे. म्हणून मिठाचं पाणी स्वतः बनवा आणि कॅल्शियम कमी ठेवा. आमच्याकडे चालणारं प्रमाण, एका लिटरसाठी:

सोडियम क्लोराइड २५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्याचं) ५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.७ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड (दोन पाण्याचं) ०.२ ग्रॅम, अमोनियम क्लोराइड १ ग्रॅम, ट्रिस ६ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट फक्त ०.१ ग्रॅम. हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ७.८ वर आणा. डायपोटॅशियम फॉस्फेट ०.०७५ ग्रॅम आणि फेरस सल्फेट ०.०२५ ग्रॅम मात्र वेगवेगळ्या थोड्या पाण्यात विरघळवा. फॉस्फेट वेगळं ऑटोक्लेव्ह करा, लोह गाळणीने निर्जंतुक करा आणि दोन्ही थंड माध्यमात शेवटी घाला. फॉस्फेट आणि मॅग्नेशियम एकत्र तापवलं की पांढरा गाळ बसतो. तो गाळ पुढे ओडीच्या (द्रवाच्या गढूळपणाच्या) आकड्यात "वाढ" म्हणून मोजला जातो.

अल्जिनेट घालण्याची रीत लापशीच्या रव्यासारखी. गरम ऊर्ध्वपातित पाणी जोरात फिरत असताना वरून चिमटी-चिमटीने भुरभुरवा. सगळं एकदम ओतलंत तर बाहेरून ओल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या तासभर विरघळत नाहीत. प्लेटसाठी शेवटचं प्रमाण ०.५ टक्के, द्रव माध्यमासाठी ०.२ टक्के.

क्रम असा: क्षारांचं पाणी दुप्पट तीव्रतेचं करून निम्म्या आकारमानात एका फ्लास्कमध्ये, अल्जिनेट आणि १५ ग्रॅम अगार उरलेल्या निम्म्या पाण्यात दुसऱ्या फ्लास्कमध्ये. दोन्ही वेगळे १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. सुमारे ६० अंशांवर उतरले की फॉस्फेट आणि लोह घालून एकत्र करा आणि ओता. १५ मिनिटांची अर्धा तास करू नका, जास्त उष्णतेने अल्जिनेटची साखळी आपणहून तुटू लागते.

प्लेटा तीन प्रकारच्या हव्यात, आणि तिसरी विसरणं हीच सगळ्यात महाग चूक:

१. क्षार + अगार + अल्जिनेट.
२. क्षार + अगार, बाकी काही नाही.
३. क्षार + गेलन गम (अगारऐवजी गोठवणारं द्रव्य) + अल्जिनेट.

तिसरी कशाला? कारण अगार हीसुद्धा बहुशर्कराच आहे, तीही लाल समुद्रशेवाळातली. जमिनीवरच्या जीवाणूंसाठी अगार म्हणजे नुसतं ताट; समुद्रातल्या काहींसाठी ते ताटच खाण्याचं. पहिल्या प्लेटवर वाढलेला जीवाणू अल्जिनेटवर वाढला की ताटावर, ते दुसरी आणि तिसरी प्लेट सांगते. दुसऱ्या प्लेटवर अगदी पुसट, पारदर्शक वाढ अनेकांची होते (अगारमधली अशुद्ध द्रव्यं, यीस्ट एक्स्ट्रॅक्टचा अंश). तिला भुलू नका. तिच्या तुलनेत अल्जिनेटच्या प्लेटवरची वाढ ठळक आहे का, एवढं पाहा.

*तपासणी: ओतलेल्या प्रत्येक प्रकारातल्या दोन प्लेटा काहीही न लावता इनक्युबेटरमध्ये ठेवा. तीन दिवसांनी त्या स्वच्छ असतील तरच पुढे जा.*

टप्पा ३: शेवाळावरून प्लेटवर

शेवाळाचा तुकडा निर्जंतुक समुद्राच्या पाण्यात दोनदा खळबळून घ्या, म्हणजे पाण्यासोबत आलेले सुटे जीवाणू निघून जातील. मग १ ग्रॅम शेवाळ ९ मिलिलिटर निर्जंतुक समुद्राच्या पाण्यात खलबत्त्यात हलकं घोटा. तिथून दहापट विरलन करत जा आणि १०० ते १०,००० पट विरल केलेल्यांतून प्रत्येकी ०.१ मिलिलिटर पसरवा.

*इशारा: विरलनाच्या नळ्यांत ऊर्ध्वपातित पाणी किंवा नेहमीचं ०.८५ टक्के सलाइन वापरू नका. खाऱ्या पाण्याची सवय असलेल्या पुष्कळ पेशी त्यात फुगतात, फुटतात. हातात आलेली सवय इथे घात करते. कपाटातल्या तयार सलाइनच्या नळ्या त्या दिवसापुरत्या कुलूपबंद ठेवल्या तरी चालेल.*

तापमान २५ ते २८ अंश. ३७ अंशांवर ठेवलंत तर नको ते फोफावतात आणि हवे ते मागे पडतात. प्लेटा प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर आठवड्याभरात पापड होतात. दुसऱ्या दिवशी दिसणाऱ्या मोठ्या, चकचकीत कॉलन्या उचलून मोकळे होऊ नका. जे शोधतो आहोत त्यातले बरेच तिसऱ्या ते सातव्या दिवशी वर येतात. पिवळ्या-केशरी, चपट्या, कडेने पसरणाऱ्या फ्लॅव्होबॅक्टेरियाच्या कॉलन्या हमखास उशिराच्या.

अगार खाणारे ओळखायला रंगही लागत नाही. प्लेट उजेडाकडे तिरपी धरा. कॉलनी खड्ड्यात बसलेली दिसेल, कधी खालचा अगार पाणी झालेला असेल. अशी प्लेट रोज पाहा. एक जण अगार वितळवतो आणि ते पाणी ओघळून शेजारच्या दहा कॉलन्यांवर जातं. मग कोण कुठला, काही पत्ता लागत नाही.

टप्पा ४: शुद्ध करणं आणि प्रत ठेवणं

एकदा स्ट्रीक करून (सुट्या कॉलन्यांसाठी प्लेटवर रेघोट्या ओढून) थांबू नका. किमान तीनदा, आणि त्यातली एक फेरी झोबेल मरीन अगारवर. कारण साधं आहे: अल्जिनेटच्या प्लेटवर उधळा आणि त्याचा आयतखाऊ एकाच कॉलनीत गुण्यागोविंदाने राहतात, दिसायला एकच. पेप्टोनवर दोघांना स्वतंत्र जेवण मिळतं, मग रंग आणि कड वेगळी दिसते. वेगळे झालेले दोघेही परत अल्जिनेटवर लावून पाहा. एकटा पडल्यावर जो वाढत नाही, तो आयतखाऊ.

पहिल्याच शुद्ध वाढीची प्रत २० ते २५ टक्के ग्लिसरॉल घातलेल्या मरीन ब्रॉथमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा. पेप्टोनवर महिनोन्‌महिने एका प्लेटवरून दुसरीवर नेलेले काही जीवाणू अवघड साखर खाण्याचं विसरतात. तसं झालं तर परत जायला मूळ प्रत हवी. वलय दिसो न दिसो, सगळ्यांची प्रत ठेवा. त्या छत्तीस जणांची आठवण इथे ठेवायची.

टप्पा ५: वलय पाहणं

प्रत्येक प्लेटवर सहापेक्षा जास्त ठिपके नकोत. गर्दी झाली की वलयं एकमेकांत मिसळतात.

अगारसाठी: दुसऱ्या प्रकारच्या प्लेटवर ल्यूगोलचं आयोडीन ओता, पाच-दहा मिनिटांनी काढून टाका. न फोडलेला अगार तपकिरी होतो, फोडलेला फिका राहतो.

अल्जिनेटसाठी: १० टक्के सेटिलपिरिडिनियम क्लोराइड ओता. शाबूत अल्जिनेटचा पांढरा अपारदर्शक थर होतो आणि तोडलेल्या जागी स्वच्छ वलय राहतं. माध्यम खारं असल्याने थर यायला वेळ लागू शकतो, अर्धा तासही द्या. वाढ नसलेली प्लेट पांढरी झाली नसेल तर बाकी काहीच वाचू नका. तो दिवस वाया गेला असं समजून द्रावण ताजं करा.

*इशारा: ही दोन्ही द्रावणं जीवाणूंना मारतात. रंगवण्याआधी त्याच ठिपक्यांची दुसरी प्लेट लावून ठेवलेली असली पाहिजे. "वलय सुंदर आलं, आता कॉलनी उचलतो" हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे.*

नोंद तीन रकान्यांत करा: वाढ आहे आणि वलय आहे, वाढ आहे पण वलय नाही, वाढच नाही. मधला रकाना फेकायचा नाही. पुढच्या टप्प्यात खरा रस त्याच्यातच आहे.

टप्पा ६: द्रवातली परीक्षा

इथे एकाच वेळी तीन गोष्टी मोजायच्या आहेत: पेशी किती वाढल्या, पाण्यात एकूण साखर किती उरली, आणि त्या साखरेची मोकळी टोकं किती झाली. एकट्या आकड्याला अर्थ नाही.

तयारी: जीवाणू रात्रभर मरीन ब्रॉथमध्ये वाढवा. सेंट्रीफ्यूज करून पेशी खाली बसवा आणि अल्जिनेट नसलेल्या क्षारांच्या पाण्याने दोनदा धुवा. न धुता टाकलंत तर पेप्टोनही सोबत जातं आणि पहिल्या बारा तासांची वाढ त्याचीच असते. सुरुवातीची ओडी ६०० नॅनोमीटरवर ०.०५च्या आसपास ठेवा.

फ्लास्क चार तऱ्हांचे, प्रत्येकाच्या तीन प्रती: अल्जिनेट आणि जीवाणू; अल्जिनेट, जीवाणू नाही; जीवाणू, अल्जिनेट नाही; आणि मरीन ब्रॉथमध्ये जीवाणू, म्हणजे पेशी जिवंत होत्या याचा पुरावा. दुसरा फ्लास्क वाचवायला म्हणून वगळू नका. ऑटोक्लेव्हमध्ये आपोआप तुटलेलं अल्जिनेट किती, ते फक्त तोच सांगतो.

०, ६, १२, २४, ३६, ४८ आणि ७२ तासांनी २ मिलिलिटर काढा. ओडी घ्या, १०,००० जी वर १० मिनिटं फिरवा, वरचं पाणी लगेच दुसऱ्या नळीत घ्या आणि उकळत्या पाण्यात पाच-दहा मिनिटं धरून मग गोठवा. उकळण्याची पायरी कंटाळून गाळली जाते. पाण्यातले एन्झाइम नळीतही काम करत राहतात. सकाळी काढलेला नमुना संध्याकाळी मोजला की टोकं वाढलेली दिसतात आणि सगळेच जीवाणू उधळे वाटू लागतात.

जीवाणू गुठळ्या करून वाढत असेल तर ओडीवर विसंबू नका, प्रथिन मोजा.

*एकूण साखर:* फिनॉल आणि सल्फ्युरिक आम्लाची पद्धत. ०.५ मिलिलिटर नमुना, तेवढंच ५ टक्के फिनॉल, त्यावर २.५ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल एका झटक्यात, पण धूरकपाटातच. नळी थंड झाल्यावर मोजा. ग्लुकोज-गॅलॅक्टोजसाठी ४९० नॅनोमीटर, पण अल्जिनेट युरॉनिक आम्लांचं बनलेलं असल्याने त्याला ४८०. प्रमाण-आलेख ग्लुकोजचा नको, त्याच बाटलीतल्या अल्जिनेटचा, त्याच क्षारांच्या पाण्यात काढा. युरॉनिक आम्लं या पद्धतीत ग्लुकोजपेक्षा फिका रंग देतात. खारं पाणी तीव्र आम्लात पडलं की हायड्रोजन क्लोराइडचे बुडबुडे येतात, आकडे उड्या मारतात. नमुना दहापट विरल करून घ्या, निम्मा त्रास जातो.

आणि क्युव्हेट टिश्यू पेपरने आतून पुसू नका. कागदाचा तंतू म्हणजे सेल्युलोज, तीही साखरच. आम्ही एकदा तीन दिवस "वाढत जाणारी" साखर मोजत बसलो होतो. दोष नळ्या पुसणाऱ्या कापसाचा निघाला.

*मोकळी टोकं:* डीएनएस पद्धत, ५४० नॅनोमीटर. साखळी जिथे तुटते तिथे एक मोकळं टोक तयार होतं, तेच हे द्रावण पकडतं. डीएनएस आम्लारिधर्मी असल्याने मॅग्नेशियममुळे गढूळपणा येऊ शकतो. रंग आल्यावर नळी फिरवून गाळ खाली बसवा, मग मोजा. ब्लँक (शून्य ठरवायची नळी) साध्या पाण्याचा नव्हे, माध्यमाचा.

आता तिन्ही आकडे शेजारी मांडा.

पेशी वाढल्या, एकूण साखर घटत गेली आणि मोकळी टोकं आधी चढून मग उतरली, तर तो उधळा. बाहेर तुकडे साचले, मग खाल्ले गेले.

पेशी वाढल्या, एकूण साखर घटली, पण मोकळी टोकं जेमतेम हलली, तर आपमतलबीपणाचा संशय घ्या. उरलेली साखर अजून लांब साखळीतच आहे. प्लेटवरच्या मधल्या रकान्यातले काही जण इथे उघडे पडतात.

साखर घटली, पेशी वाढल्या नाहीत, तर आधी फ्लास्कच्या तळाशी पाहा. अल्जिनेट गोठून खाली बसलं असेल आणि सेंट्रीफ्यूजमध्ये पेशींसोबत गेलं असेल. जीवाणू नसलेल्या फ्लास्कमध्येही तीच घट दिसली की नक्की.

संशय पक्का करायला सिलिकाच्या पातळ थरावरचं क्रोमॅटोग्राफ पुरतं: ब्युटेनॉल, ॲसेटिक आम्ल, पाणी २:१:१, वाळल्यावर इथेनॉलमधल्या १० टक्के सल्फ्युरिक आम्लाचा फवारा आणि उष्णता. उधळ्याच्या पाण्यात तुकड्यांची शिडी उमटते, आपमतलब्याच्या पाण्यात सगळं जिथे लावलं तिथेच बसून राहतं. मिठाने ठिपके ओघळतात, म्हणून थेंब लहान ठेवा आणि प्रत्येक थेंब वाळवून मग दुसरा लावा.

टप्पा ७: एन्झाइम नेमकं कुठे?

२४ तासांच्या वाढीचे तीन वाटे करा: पेशी काढलेलं पाणी, धुतलेल्या अखंड पेशी, आणि ध्वनिलहरींनी फोडलेल्या पेशी. सगळं बर्फावर. प्रत्येक वाटा ०.२ टक्के अल्जिनेटसोबत पीएच ८ च्या खारट ट्रिसमध्ये मिसळा आणि २३५ नॅनोमीटरवर शोषण मिनिटागणिक किती वाढतं ते पाहा. अल्जिनेट तोडणारं एन्झाइम साखळीत पाणी घालत नाही. तोडताना तुकड्याच्या टोकाला दुहेरी बंध सोडतं आणि तोच बंध २३५वर दिसतो. ही युक्ती अगारला लागू नाही, तिथे पाणी घालूनच तोडलं जातं.

शोषणाची सगळी वाढ पाण्याच्या वाट्यात आली तर उधळा. अखंड पेशींत आली आणि पाण्यात नाही, तर एन्झाइम पृष्ठभागाला बांधलेलं. फक्त फोडल्यावरच दिसली, तर आतलं.

*इशारा: काचेचा किंवा साध्या प्लॅस्टिकचा क्युव्हेट २३५वर अपारदर्शकच समजा, क्वार्ट्झ हवा. अखंड पेशींचा वाटा गढूळ असतो. त्यातून ठरावीक वेळाने नमुना काढून, पेशी बसवून, वरचं पाणी मोजा. आणि एकेका शर्करेपर्यंत तुकडे झाले की दुहेरी बंध नाहीसा होतो, आकडा उलटा उतरू लागतो. म्हणून पहिल्या काही मिनिटांचा वेग घ्या, तासाभराचा एक आकडा नको.*

अखंड पेशींचा वाटा वर्गात कोणी करत नाही, कारण पाठ्यक्रमात "क्रूड एन्झाइम म्हणजे सुपरनेटंट" (पेशी बसवल्यावरचं वरचं पाणी) असं लिहिलेलं असतं. आपमतलबी जीवाणूंना त्या एका ओळीने किती वर्षं नापास केलं असेल, देव जाणे.

संशोधन संस्थांत याच्या पुढची पायरी म्हणजे बहुशर्करेला चमकणारा रंग जोडून ती पेशीत शिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. रंग जोडण्याच्या रूढ पद्धतीत सायनोजेन ब्रोमाइड लागतं, जे अतिशय विषारी आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे करू नका. गरज असेल तर ही सोय असलेल्या संस्थेशी आधी बोला.

टप्पा ८: जीनोम हाती आलाच तर

आजकाल १६एससोबत (जीवाणूची ओळख पटवणाऱ्या जनुकासोबत) अख्खा जीनोमही वाचून मिळतो आणि मुलं थेट डीबीकॅनमध्ये (साखरेवर काम करणारे एन्झाइम जनुकांवरून ओळखणाऱ्या संगणकीय साधनात) टाकून एन्झाइमांच्या कुळांची यादी आणतात. यादी वाचताना तीन गोष्टी.

पीएल६, पीएल७ आणि पीएल१७ ही कुळं अल्जिनेटची म्हणून पाहा. अगारसाठी जीएच५० आणि जीएच८६. जीएच१६ दिसलं म्हणून "अगारेज सापडलं" असं लिहू नका. त्या कुळात लॅमिनारिन (तपकिरी शेवाळातली दुसरी बहुशर्करा) तोडणारेही आहेत, उपकुळापर्यंत जावं लागतं.

सुटं जनुक मोजण्यापेक्षा शेजार पाहा. तोडणारं एन्झाइम, सस-सी, सस-डी आणि नियंत्रक एका ओळीत लागून आले असतील तर तो बहुशर्करा वापरण्याचा पूर्ण संच समजायला हरकत नाही. सस-डी फक्त बॅक्टेरॉइडोटातच शोधा. आल्टेरोमोनास, व्हिब्रियोसारख्यांकडे ते नसतं, तिथे टॉन-बीवर चालणारा वाहक शेजारी आहे का ते पाहा.

मग प्रत्येक एन्झाइमच्या सुरुवातीचा पत्ता, म्हणजे ते पेशीत कुठे जाणार हे सांगणारा भाग, वाचा, सिग्नलपी या संगणकीय साधनामधून. लिपोप्रथिनाचा पत्ता असेल तर ते पटलाला बांधलेलं असण्याची शक्यता मोठी. हा पत्ता टप्पा ७च्या आकड्यांशी जुळतो का, ते ताडून पाहा. जुळला नाही तर आकडे चुकले असं लगेच धरू नका. आधी नळीवरचं लेबल तपासा. आमच्याकडे दोनदा पत्ता बरोबर होता, जीवाणूच दुसरा होता.

टाकून देण्याआधी सगळ्या प्लेटा, ब्रॉथ आणि हातमोजे ऑटोक्लेव्ह करा. फिनॉल आणि आम्लाचं मिश्रण बेसिनमध्ये ओतू नका, त्याची बाटली वेगळी. आणि ग्लिसरॉलच्या नळ्यांवर नाव लिहिताना मधल्या रकान्यातल्यांच्या पुढे "वलय नाही, वाढ आहे" असं स्पष्ट लिहा, म्हणजे पुढच्या वर्षीची तुकडी जागा करायला फ्रीझर उघडेल तेव्हा आधी त्यांनाच बाहेर काढणार नाही.